८०८५ची असेंब्ली शिकताना आधी कागद, मग किट

प्रॅक्टिकलच्या तासाला ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे पहिले असेंब्ली प्रोग्राम बहुतेक मुलं एकाच रीतीने चुकवतात. फळ्यावरचा प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवला, ऑपकोड (सूचनांचे सांकेतिक आकडे) किटवर, म्हणजे ८०८५ बसवलेल्या सरावाच्या बोर्डावर, टाकले, उत्तर आलं की पुढच्या प्रॅक्टिकलकडे. नाही आलं तर शेजारच्या टेबलावरचे आकडे पाहून पुन्हा सगळं टाकायचं. मग व्हायव्हाला कुणी विचारतं, "ही एक ओळ काढली तर उत्तर काय येईल?" आणि चांगला अभ्यास करणारा मुलगाही गप्प होतो. डोकं कमी पडलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो.

महाराष्ट्रात बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या पेपरात, तसंच इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीच्या वर्गांत ८०८५ वर्षानुवर्षं शिकवला जातो. खालचा क्रम त्या मुलांसाठी आहे आणि घरी एकट्याने शिकणाऱ्यांसाठीही. एकच छोटा प्रोग्राम शेवटपर्यंत उलगडायचा, एवढीच पद्धत.

लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे निमॉनिक (सूचनांची छोटी नावं) आणि हेक्स (सोळाच्या पायावरची अंकपद्धती) अक्षरं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत: एमव्हीआय, जेएनझेड, ३ई, सी२. किटवर आणि सिम्युलेटरमध्ये ती रोमन अक्षरांत दिसतील. आकड्यापुढचा 'एच' म्हणजे तो आकडा हेक्समधला आहे.

टप्पा १: हेक्स हाताला बसवा

हा टप्पा टाळणारे पुढे प्रत्येक ठिकाणी अडखळतात. ० ते ९ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांचे चार-चार बिट न बघता लिहिता आले पाहिजेत. ए म्हणजे १०१०, सी म्हणजे ११००, एफ म्हणजे ११११. रोज दहा मिनिटं दिलीत तर आठवड्यात हे बसतं.

मग बेरीज. २५एच आणि ३७एच मिळवा. ६२ लिहिलंत तर इथेच थांबा. पाच आणि सात बारा, बारा म्हणजे सी. दोन आणि तीन पाच. उत्तर ५सी. दशमानात ताळा करा: ३७ अधिक ५५ बरोबर ९२, आणि ५सी म्हणजेही ९२.

वजाबाकीचं एकच उदाहरण नीट करा: ०५ वजा ०८. आठ बिटांत उत्तर येतं एफडी, आणि ८०८५ कॅरी फ्लॅग (हातचा किंवा उसना आल्याची खूण ठेवणारा बिट) १ करतो, कारण उसना घ्यावा लागला. एफडी म्हणजे दोनच्या पूरक पद्धतीत उणे तीन.

तपासा: ९एएच अधिक ५२एच किती? कॅल्क्युलेटर न घेता ईसी आलं तर पुढे चला.

टप्पा २: रजिस्टरची पाटी आखा

रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आत आकडे ठेवायच्या जागा. वहीचं एक पान आडवं धरून त्यांचे रकाने आखा: ए, बी, सी, डी, ई, एच, एल, प्रत्येकी आठ बिटांचे. पलीकडे प्रोग्राम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता) आणि स्टॅक पॉइंटर (स्टॅकचा पत्ता, टप्पा ८ पाहा), प्रत्येकी सोळा बिटांचे. शेवटी पाच फ्लॅग: साइन, झिरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी, कॅरी. याला मी पाटी म्हणतो. पुढचा सगळा अभ्यास या पाटीवर होणार आहे.

बीसी, डीई आणि एचएल या जोड्या सोळा बिटांचा आकडा धरतात. आणि 'एम' हे रजिस्टर नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. एचएलमध्ये जो पत्ता आहे, त्या पत्त्यावरची मेमरीतली जागा म्हणजे एम. एचएल बदलला की एम दुसरीकडे जातो.

मेमरीचे पत्ते ००००एच ते एफएफएफएफएच, म्हणजे ६५,५३६ जागा, कारण पत्त्याच्या लाइन सोळा आहेत. प्रत्येक जागेत एक बाइट. पिन डायग्राम आणि टायमिंग डायग्राम परीक्षेसाठी करावेच लागतात, पण प्रोग्राम लिहायला आज त्यांची गरज नाही.

टप्पा ३: पंधरा-वीस सूचना, तीन प्रश्न

८०८५चे ऑपकोड २४६ आहेत. ते पाठ करायला बसू नका, तक्ता त्यासाठीच असतो. सुरुवातीला एमव्हीआय, एमओव्ही, एलएक्सआय, एलडीए, एसटीए, एडीडी, एसयूबी, सीएमपी, आयएनआर, डीसीआर, आयएनएक्स, डीसीएक्स, जेएमपी, जेएनझेड, जेझेड, जेएनसी, जेसी आणि एचएलटी एवढ्या पुरतात. एमव्हीआय रजिस्टरमध्ये आकडा भरते, एमओव्ही एकातून दुसऱ्यात नक्कल करते, एसटीए ए मधली किंमत मेमरीत ठेवते, आयएनआर आणि डीसीआर एकाने वाढवतात-कमी करतात, आयएनएक्स आणि डीसीएक्स तेच जोडीला करतात. जेएनझेड म्हणजे झिरो फ्लॅग ० असेल तर उडी, जेएनसी म्हणजे कॅरी ० असेल तर; जेझेड आणि जेसी त्यांच्या उलट.

प्रत्येक सूचनेला तीन प्रश्न विचारा. ती किती बाइटची आहे? तिच्यामुळे काय बदलतं? ती फ्लॅगला हात लावते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना येत नाही, आणि लूप तिथेच बिघडतात. म्हणून हे ठरलेलं लक्षात ठेवा:

- एमओव्ही, एमव्हीआय, एलएक्सआय, एलडीए, एसटीए: एकही फ्लॅग बदलत नाही.
- एडीडी, एसयूबी, सीएमपी: पाचही फ्लॅग नव्याने ठरतात. सीएमपीत ए मात्र आहे तसाच राहतो.
- आयएनआर, डीसीआर: कॅरी सोडून बाकीचे बदलतात.
- आयएनएक्स, डीसीएक्स: एकही नाही.

सावधान: सोळा बिटांची मोजणी बीसीमध्ये ठेवून 'डीसीएक्स बी' आणि लगेच 'जेएनझेड' लिहिलं, तर ती मोजणी शून्य झाल्याचं जेएनझेडला कळतच नाही. त्यासाठी डीसीएक्स बीनंतर 'एमओव्ही ए, सी' आणि 'ओआरए बी' (ए आणि बी यांचं बिटगणिक 'ऑर', त्यावरून झिरो फ्लॅग ठरतो) घालावं लागतं. पण त्यात ए मधली किंमत पुसली जाते, तेव्हा ती आधी दुसरीकडे ठेवा.

सीएमपीत बाजूंची गल्लत होते. 'सीएमपी बी' ए मधून बी वजा करून पाहते. ए लहान असेल तर कॅरी १, सारखे असतील तर झिरो १, ए मोठा असेल तर दोन्ही ०.

टप्पा ४: पहिला प्रोग्राम हाताने असेंबल करा

असेंबल करणं म्हणजे सूचनांचे ऑपकोड आणि पत्ते काढणं. खालचा प्रोग्राम २०००एचपासून लिहा. तुमच्या किटची रॅम दुसरीकडून सुरू होत असेल तर पत्ते बदला. ते किटच्या मॅन्युअलमध्ये मेमरी मॅप या नावाखाली असतात.

२०००: ३ई २५ (एमव्हीआय ए, २५एच)
२००२: ०६ ३७ (एमव्हीआय बी, ३७एच)
२००४: ८० (एडीडी बी)
२००५: ३२ ५० २० (एसटीए २०५०एच)
२००८: ७६ (एचएलटी)

पत्ते पाहा. एमव्हीआय दोन बाइटची, म्हणून दुसरी ओळ २००२ला. एसटीए तीन बाइटची, म्हणून एचएलटी २००८ला. आणि २०५० हा पत्ता मेमरीत '५० २०' असा जातो, खालचा बाइट आधी. ही उलटापालट विसरल्यामुळे जेवढे प्रोग्राम बिघडतात, तेवढे दुसऱ्या कुठल्याही एका चुकीने बिघडत नसावेत.

आता पाटी भरा. एडीडीनंतर ए मध्ये ५सी. साइन ०, झिरो ०, कॅरी ०. पाच आणि सातची बेरीज सोळाच्या आत, म्हणून ऑक्झिलरी कॅरी ०. ५सी म्हणजे ०१०१ ११००, त्यात चार एक, म्हणजे सम संख्या, म्हणून पॅरिटी १.

तपासा: एडीडी आणि एसटीए यांच्यामध्ये 'डीएए', म्हणजे २७, घातलं तर २०५०वर काय येईल? सी नऊपेक्षा मोठा, म्हणून सहा मिळवले जातात आणि उत्तर ६२ दिसतं. डीएए २५ आणि ३७ यांना दशमान अंकांसारखं वागवतं. हे घालताना एसटीए २००६ला आणि एचएलटी २००९ला सरकलं, हे लक्षात आलं ना?

टप्पा ५: लूप, फेरीगणिक

आता खरा प्रोग्राम. २०५०वर संख्या किती आहेत ते, २०५१पासून पुढे त्या संख्या. बेरजेचा खालचा बाइट २०६०वर, वरचा २०६१वर.

२०००: २१ ५० २० (एलएक्सआय एच, २०५०एच)
२००३: ४ई (एमओव्ही सी, एम)
२००४: ३ई ०० (एमव्हीआय ए, ००)
२००६: ०६ ०० (एमव्हीआय बी, ००)
२००८: २३ (आयएनएक्स एच)
२००९: ८६ (एडीडी एम)
२००ए: डी२ ०ई २० (जेएनसी २००ईएच)
२००डी: ०४ (आयएनआर बी)
२००ई: ०डी (डीसीआर सी)
२००एफ: सी२ ०८ २० (जेएनझेड २००८एच)
२०१२: ३२ ६० २० (एसटीए २०६०एच)
२०१५: ७८ (एमओव्ही ए, बी)
२०१६: ३२ ६१ २० (एसटीए २०६१एच)
२०१९: ७६ (एचएलटी)

सी मोजणी धरतो, ए बेरीज धरतो, आणि बेरीज एफएफच्या पलीकडे गेली की बी एकाने वाढतो. डेटा घ्या: ०४, ९ए, ५२, एफ४, ३बी. डीसीआर सी झाल्यावर प्रत्येक फेरीत पाटी अशी दिसली पाहिजे:

फेरी १: एचएल २०५१, ए ९ए, कॅरी ०, बी ००, सी ०३
फेरी २: एचएल २०५२, ए ईसी, कॅरी ०, बी ००, सी ०२
फेरी ३: एचएल २०५३, ए ई०, कॅरी १, बी ०१, सी ०१
फेरी ४: एचएल २०५४, ए १बी, कॅरी १, बी ०२, सी ००, झिरो १

उत्तर ०२१बी. दशमानात १५४, ८२, २४४ आणि ५९ यांची बेरीज ५३९, आणि ०२१बी म्हणजे ५३९च.

हे माझ्या पानावरून उतरवू नका. पान झाका, चारही फेऱ्या स्वतः भरा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, लागू द्या. 'डीसीआर सी' आणि 'जेएनझेड' यांच्यामध्ये काहीही घालण्याआधी टप्पा ३ची यादी पाहा. तिथे आयएनएक्स चालेल. एडीडी घातलंत तर झिरो फ्लॅग मोजणीचा न राहता बेरजेचा होईल.

टप्पा ६: आता किट किंवा सिम्युलेटर

किटवर कळांची नावं कंपनीप्रमाणे बदलतात, पण क्रम तोच: रिसेट, मेमरी पाहण्या-बदलण्याची कळ, सुरुवातीचा पत्ता, एक बाइट, पुढची कळ, दुसरा बाइट. सगळं टाकून झालं की लगेच चालवू नका. परत २०००वर जा आणि एकेक बाइट कागदाशी ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा तास वाचतो. मगच डेटा टाका. चालवण्याआधी २०६० आणि २०६१मध्ये मुद्दाम एए भरून ठेवा. चालवल्यानंतरही एए दिसलं तर प्रोग्राम तिथपर्यंत पोचलाच नाही, हे नक्की.

एचएलटी झाल्यावर किट कळांना दाद देत नाही. बिघडलं समजून वीज बंद करू नका, रॅममधलं सगळं जाईल. रिसेट दाबा आणि २०६० उघडा.

घरी सिम्युलेटर वापरणाऱ्यांसाठी जीएनयूसिम८०८५ मोफत मिळतो. तिथे दोन चुका हमखास होतात. '२५एच'ऐवजी नुसतं '२५' लिहिलं तर तो दशमान पंचवीस समजला जातो. आणि अक्षराने सुरू होणाऱ्या हेक्स आकड्याआधी शून्य लावावं लागतं: 'एफ४एच' नव्हे, '०एफ४एच'. सिम्युलेटर एका दमात चालवू नका. एकेक पायरी पुढे न्या, आणि प्रत्येक पायरीआधी पाटीवर तुमचं उत्तर लिहिलेलं असू द्या. आधी उत्तर लिहिलं नसेल तर तुम्ही नुसते बघणारे होता.

टप्पा ७: चुकीचं उत्तर वाचायला शिका

प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून टाकणं ही सगळ्यात वाईट सवय. चुकीचं उत्तर बहुतेक वेळा चुकीची जागा दाखवतं. याच डेटावर पाहा.

०२६८ आलं? जेएनझेड २००८ऐवजी २००९ला गेलं. एचएल पुढे सरकलाच नाही, ९ए चार वेळा मिळवलं गेलं.

०११बी आलं? जेएनझेड २००६ला गेलं आणि प्रत्येक फेरीत बी शून्य झाला. आधीचा कॅरी हरवला.

००३बी? उडी २००४ला. ए आणि बी दोन्ही दर फेरीला पुसले गेले, हाती फक्त शेवटची संख्या राहिली.

०२१सी, म्हणजे एकाने जास्त? एडीडी एमच्या जागी एडीसी एम, म्हणजे ८ई, टाकलंय. तिसऱ्या फेरीतला कॅरी चौथ्या फेरीत मिळवला गेला.

काहीच उत्तर नाही, एए तसंच? जंपचे बाइट उलटे झालेत का पाहा. 'सी२ २० ०८' लिहिलं तर उडी ०८२०एचला जाते, तुमच्या प्रोग्रामच्या पार बाहेर. किंवा उडी २००३ला गेली असेल: तिथे मोजणीच नव्याने भरली जाते आणि लूप भरकटतो.

दर वेळी वेगळं उत्तर? 'एमव्हीआय ए, ००' राहून गेलंय, ए मध्ये आधीचं काहीतरी उरलेलं आहे.

आता सगळ्यात फसवी चूक. जेएनसीऐवजी जेसी, म्हणजे डी२ऐवजी डीए, टाका. उत्तर काय येतं? ०२१बीच! कारण आपल्या डेटात दोन फेऱ्यांत कॅरी आहे आणि दोनांत नाही. उलट मोजलं तरी दोनच. प्रोग्राम चुकीचा, उत्तर बरोबर, आणि जर्नलवर सहीसुद्धा होऊन जाते. म्हणून एकाच डेटावर कधीही समाधान मानू नका. निदान हे तीन संच चालवा:

- ०२, १०, २०: उत्तर ००३०. जेसीची चूक इथे ०२३० दाखवून उघडी पडते.
- ०२, एफएफ, ०१: उत्तर ०१००.
- ०१, एफएफ: उत्तर ००एफएफ.

आणि चौथा: मोजणी ००. चालवण्याआधी पाटीवर करून पाहा. डीसीआर सी झाल्यावर सी मध्ये एफएफ येतो, झिरो फ्लॅग ०, आणि लूप २५६ फेऱ्या मारतो. दुरुस्तीसाठी मुलं 'एमओव्ही सी, एम'नंतर थेट 'जेझेड' लिहितात. ते चालत नाही, कारण एमओव्ही फ्लॅग ठरवत नाही. २००८ला पाच बाइट घाला: ०सी, ०डी, सीए १७ २०. म्हणजे आयएनआर सी, डीसीआर सी, जेझेड २०१७एच. सी ची किंमत तीच राहते, पण झिरो फ्लॅग तिच्यावरून ठरतो. त्यामुळे पुढचं सगळं पाच जागांनी सरकतं: जेएनसी आता 'डी२ १३ २०' आणि जेएनझेड 'सी२ ०डी २०'. हे दोन पत्ते स्वतः काढता आले, तर हाताने असेंबल करणं तुम्हाला जमलं.

टप्पा ८: स्टॅक आणि डिले

सीएएलएल ही सूचना सबरूटीनला, म्हणजे प्रोग्रामच्या वेगळ्या तुकड्याला, बोलावते आणि परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे रॅममधल्या त्यासाठीच्या जागेवर, ठेवते. ती वापरण्याआधी पहिली ओळ 'एलएक्सआय एसपी' असली पाहिजे, आणि पत्ता रॅममधला, प्रोग्राम व डेटापासून दूर. स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो. तो २०५५वर मांडलात तर पहिल्याच सीएएलएलला २०५४ आणि २०५३वरचा डेटा पुसला जाईल. मॉनिटर प्रोग्राम (किटच्या कळा सांभाळणारा किटचा स्वतःचा प्रोग्राम) रॅमचा काही भाग स्वतःसाठी ठेवतो, तोही मॅन्युअलमध्ये पाहून टाळा.

पुश ज्या क्रमाने, पॉप त्याच्या उलट क्रमाने. 'पुश बी, पुश डी' केलं असेल तर आधी 'पॉप डी', मग 'पॉप बी'. सबरूटीनमध्ये एक पॉप राहिला तर आरईटी परतीच्या पत्त्याऐवजी तुमचा डेटा उचलते आणि तिकडे उडी मारते.

डिलेचा, म्हणजे मुद्दाम वेळ घालवणाऱ्या लूपचा, हिशेब अंदाजाने करू नका. 'एमव्हीआय सी, एफएफ', मग 'डीसीआर सी', मग जेएनझेड परत डीसीआरवर. एमव्हीआयला ७ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके), डीसीआरला ४, जेएनझेडला उडी घेतली तर १० आणि नाही घेतली तर ७. लूपच्या २५५ फेऱ्या होतात. पहिल्या २५४ फेऱ्यांना प्रत्येकी १४, शेवटच्या फेरीला ११, वर ७. एकूण ३,५७४. प्रोसेसर ३ मेगाहर्ट्झवर चालत असेल तर सुमारे १.१९ मिलिसेकंद. शेवटच्या फेरीतल्या ७ऐवजी १० धरणं ही परीक्षेतली नेहमीची चूक.

सावधान: क्लॉक ३ मेगाहर्ट्झ असेल तर किटवरचा क्रिस्टल ६ मेगाहर्ट्झचा दिसेल, कारण ८०८५ आत त्याला दोनने भागतो. क्रिस्टलवरचा आकडा तसाच हिशेबात घेतलात तर डिले निम्मा निघेल.

एवढ्या डिलेवर एलईडी लावून पाहिलात तर तो सतत पेटलेला दिसेल. अर्धा सेकंद हवा असेल तर बीसी जोडीत सोळा बिटांची मोजणी घ्या. तिथे टप्पा ३मधली डीसीएक्सची सूचना पुन्हा काढा, आणि ए मधला एलईडीचा बाइट डिलेला जाण्याआधी 'पुश पीएसडब्ल्यू'ने (ए आणि फ्लॅग स्टॅकवर ठेवणारी सूचना) जपून ठेवा.